लाकडाचा मासा आणि सुताराचा हात

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात वडगाव मावळ येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात दरवर्षी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृह, सामुदायिक विवाह अशा महत्त्वाच्या विषयांवर विचारविनिमय होतो. त्या पंक्तीत ‘मासे धरण्याची लाकडी आमिषे’ हा माझा विषय ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते मी पाहिले आहे. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, त्यांनी ते स्मित व्याख्यान संपेपर्यंत राखून ठेवावे. विषय लहान आहे खरा. परंतु लहान वस्तूत मोठे कसब मावते, हे सुतारांच्या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रथम आपल्या स्थितीकडे पाहू. ज्या वडगावी १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजी फौजेला तह करावयास लावला, त्या वडगावच्या भूमीवर आपण आज जमलो आहोत. त्या काळापासून अगदी आपल्या आजोबांच्या काळापर्यंत गावगाड्यात सुताराचे स्थान ठरलेले होते. नांगर, कुळव, पाभर यांची घडण आणि दुरुस्ती त्याच्याकडे असे. गाडीचा तुंबा, आरे आणि पाटे बाभळीचे घडवून लोखंडी धाव बसेपर्यंतचे सारे काम त्याच्या अंगणात होई आणि सुगीला त्याचे बलुते खळ्यावर त्याची वाट पाही. पुढे ट्रॅक्टर आला, गाडीला रबरी टायर आले, दारे-खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या आणि घरातील कपाटे भुसा दाबून केलेल्या फळ्यांची बनू लागली. आपली पुष्कळ मुले तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत गेली. त्यात वाईट काही नाही. पोट प्रथम, परंपरा मागाहून. परंतु एक गोष्ट मनाला सलते. फळीवर सनमाईक चिकटवणाऱ्या तरुणाच्या हातात यंत्र असते, मोजमापही असते. लाकडाची पारख मात्र नसते. शीर कोणीकडे जाते, कोणते लाकूड पाणी पिते, कोणते फुगते, कोणते तडकते, हे ज्ञान कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. ते हातात राहते आणि हात थांबला की नाहीसे होते. हे ज्ञान राखावयाचे तर पारखीवाचून बनतच नाही अशी एखादी तरी वस्तू हातात असली पाहिजे. लाकडी आमिष ही तशी वस्तू आहे, असे माझे मत आहे. आणि तेच मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

गळ टाकून मासे धरणे हा खेळ आपल्याकडे परका नव्हे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. माशांचे प्रकार, त्यांचे खाद्य, गळ, दोरी आणि काठी यांचे विवेचन त्यात येते. तथापि हे सारे खऱ्या खाद्याचे आमिष होय. आपल्या नदीकाठीही कणकेचा गोळा, गांडूळ, लहान मासा अथवा बेडूक गळाला लावण्याची रीत आहे. कोकणात त्याला गरवणे म्हणतात. माशाला फसवण्यासाठी खाद्याचा केवळ भास निर्माण करावयाचा, ही निराळी कला. इंग्रज अधिकाऱ्यांनी ती येथील नद्यांवर आणली. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथात महाशीर माशासाठी फिरत्या धातूच्या आमिषांची चर्चा विस्ताराने केलेली आहे.

लाकडाचे आमिष मात्र मुख्यतः अमेरिकेत वाढले. तेथील गोड्या पाण्यात बास नावाचा मासा असतो. तो मोठ्या जबड्याचा, आक्रमक आणि शिकार करून खाणारा. विणीच्या दिवसांत नर घरट्याची राखण करतो आणि भूक नसतानाही जवळून जाणाऱ्या वस्तूवर रागाने तुटून पडतो. मिशिगन राज्यातील डोवाजियॅक या गावी जेम्स हेडन नावाचा एक मधमाशीपालक राहत असे. त्याच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, मित्राची वाट पाहत बसला असता त्याने चाकूने लाकडाचा एक तुकडा तासला आणि सहज तळ्यात फेकला, तोच एका बासने त्यावर झडप घातली. आख्यायिका खरी असो वा नसो, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने लाकडी बेडूक कोरले आणि पुढे त्या गावात आमिषांचा मोठा कारखाना उभा राहिला, हे मात्र सत्य आहे.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. फिनलंड देशातील लौरी रापाला हा पोटासाठी मासेमारी करणारा गरीब मनुष्य. त्याने पाहिले की, मोठा मासा लहान माशांच्या थव्यातून नेमका तोच मासा उचलतो, जो किंचित लंगडत, डगमगत पोहतो. १९३६ साली त्याने चांभारी चाकूने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटवरील चांदीसारखा कागद गुंडाळला आणि छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्याचा लेप वरून दिला. त्यामागे हौस नव्हती; जिवंत आमिष शोधण्यात जाणारा दिवस वाचावा, एवढाच हेतू होता. पुढे हीच आमिषे बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची होऊ लागली आणि जगभर गेली. प्रत्येक नग पाण्यात ओढून, पोहणे तपासूनच बाहेर पाठवावयाचा, हा त्या घराण्याचा नेम प्रसिद्ध आहे. बंधूंनो, एका नखाएवढ्या दोषासाठी नग बाजूला ठेवणारी ही वृत्ती आपल्या आज्या-पणज्यांची नव्हती काय?

आता कोणी विचारील की, अमेरिकेतील बासचे येथे काय? तो मासा आपल्या नद्यांत नाही आणि तो आणण्याचे कारणही नाही. परंतु झडप घालून शिकार करणारे मासे आपल्याकडे आहेत. घाट उतरून पेण-अलिबागच्या खाड्यांत गेलो की जिताडा भेटतो. इंग्रजीत त्याला आशियाई समुद्री बास असेच म्हणतात. भरती-ओहोटीच्या संधीस, विशेषतः रात्रीच्या वेळी, तो लहान मासे आणि कोळंबी यांवर टपून असतो आणि एकदम जबडा उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. आपल्या मावळात मरळ आहे. शेवाळाखाली दबून बसणारा हा मासा पृष्ठभागावरून सरकणाऱ्या बेडकावर उडी घेतो. आणि सर्वांत मानाचा मासा म्हणजे महाशीर, ज्याला आपल्याकडे खडशी असेही म्हणतात. कर्नल साइक्स याने १८३९ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील माशांवरून. या तिघांचे स्वभाव निराळे, म्हणून तिघांसाठी लागणारा लाकडाचा मासाही निराळा. पृष्ठभागावर तरंगणारा, दोन हात खोल जाणारा आणि तळाशी दगडांवरून जाणारा असे त्याचे तीन मुख्य प्रकार होतात.

आता मूळ कामाकडे वळतो. आमिषाचे निम्मे भवितव्य लाकूड निवडतानाच ठरते. साग हे आपल्या धंद्यातील राजाचे लाकूड. पण येथे ते चालत नाही. कारण सांगतो. पन्नास घन सेंटीमीटर आकारमानाचा मासा सागाचा केला तर नुसते लाकूडच बत्तीस-तेहतीस ग्रॅम भरते. तो बुडण्यापूर्वी आणखी फार तर सतरा-अठरा ग्रॅमचा भार सोसू शकतो. तोच मासा सावरीचा केला तर हिशेब नेमका उलट होतो. लाकूड सतरा-अठरा ग्रॅमचे आणि भार सोसण्याची शक्ती बत्तीस-तेहतीस ग्रॅमची. गळ, तार, पत्रा, शिसे आणि रंग यांचे ओझे त्या शक्तीतूनच वजा करावयाचे असते. जेवढी ती शक्ती अधिक, तेवढे शिसे पोटात खाली ठेवता येते आणि मासा तेवढा चपळ हालतो. परदेशी बाल्सा सावरीहूनही हलका असतो. परंतु तो मऊ असल्यामुळे दातांखाली लवकर चेंगरतो.

आपल्याकडे या कामास योग्य लाकडे तीन. सावर हलकी आणि मुबलक. मात्र ओली राहिली तर तिला बुरशी लवकर धरते, म्हणून चिरल्याबरोबर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळता ठेवून ती वाळवली पाहिजे. पांगारा तितकाच हलका. सावंतवाडीचे कारागीर रंगीत लाकडी फळे करण्यास तेच लाकूड वापरीत आले आहेत. हलकेपणा आणि रंग धरण्याची शक्ती हे त्याचे दोन गुण येथेही उपयोगी पडतात; फक्त किडीपासून ते जपावे लागते. तिसरी शिवण. ती पाण्याच्या निम्म्या वजनाची, म्हणजे या दोघींहून जड. परंतु वाळल्यावर वाकत नाही, फारशी फुगत नाही आणि धारेखाली गुळगुळीत निघते. महाशिरासाठी मी शिवणच पसंत करतो. यांपैकी कशासाठीही झाड तोडण्याचे कारण नाही. एका नगास पाच इंच लांब, सव्वा इंच उंच आणि एक इंच जाड असा ठोकळा पुरतो. एका घनफुटातून हिशेबाने पावणेतीनशे ठोकळे निघतात. करवतीच्या भुशात जाते ते सोडले तरी दोनशे हाती लागतात. वखारीच्या कोपऱ्यात जळणासाठी टाकलेल्या तुकड्यांत एका माणसाचे वर्षाचे काम पडलेले असते.

ठोकळा रंधून गुण्यात आणावा. शीर नाकापासून शेपटीपर्यंत सरळ गेली पाहिजे; ती आडवी सुटली तर शेपटीपाशी नग मोडलाच म्हणून समजावे. पुठ्ठ्याचा साचा ठेवून बाजूची आकृती आखावी आणि पाठीवर व पोटावर मध्यरेषा ओढावी. येथे नवशिक्यांनी एक गोष्ट गाठीस बांधावी. तारेसाठी पोटातील छेद, ओठाचा खाच आणि शिशाची भोके ही सारी कामे ठोकळा चौकोनी असतानाच उरकावीत. एकदा पोट गोल झाले की गुण्याला टेकावयास जागा राहत नाही आणि छेद तिरका गेल्याचे पाण्यात गेल्यावरच कळते. त्यानंतर आकृती कापावी, दोन्ही बाजू शेपटीकडे निमुळत्या कराव्यात, चारही कडा मारून अष्टकोन करावा आणि मगच चाकूने व कानशीने गोलाई आणावी. डावी-उजवी बाजू डोळ्यांनी पाहून भागत नाही. डोळे मिटून अंगठा आणि तर्जनी यांमध्ये नग फिरवावा. अर्ध्या सुताचा फरक बोटाला कळतो, डोळ्याला कळत नाही.

मग तार. महाशिराच्या जबड्यात दात नसतात, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो; पण त्याच्या घशात दातांच्या ओळी असतात आणि त्याच्या दाबाने कच्चे गळ चेंगरून जातात. नुसत्या लाकडात पिळून बसवलेली कडी अशा माशापुढे टिकत नाही. नाकाच्या कडीपासून शेपटीच्या कडीपर्यंत एकच अखंड पोलादी तार पोटातून न्यावी. मग लाकूड फुटले तरी मासा तारेवर राहतो आणि तोंडात गळ घेऊन तुटल्या दोऱ्यासह मरावयास जात नाही. सुताराच्या भाषेत सांगावयाचे तर तार ही तुळई आणि लाकूड हे तिच्यावरचे छप्पर होय.

पोहण्याची किल्ली मात्र ओठात आहे. नाकाखाली पत्र्याची अथवा जाड प्लॅस्टिकची जी जीभ बसवतात तिला मी ओठ म्हणतो. दोरा ओढला की पाणी ओठावर आदळते आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या कडेवरून भोवरा करून सुटते. त्यामुळे नाक आळीपाळीने दोन्हीकडे ढकलले जाते. पोटातील शिसे ओळंब्याप्रमाणे शरीराला पुन्हा सरळ आणते. ढकलणे आणि सावरणे यांच्या या झटापटीतूनच ते डगमगणे निर्माण होते, जे पाहून मोठा मासा फसतो. ओठ शरीराच्या रेषेत पुढे काढला तर आमिष खोल जाते. तो खाली उभा वळवला तर ते उथळ राहते आणि जास्त रुंद हेलकावते. शिसे पोटात अगदी खाली आणि मध्यापासून किंचित पुढे असावे. ते वर गेले तर मासा कलंडतो. फार झाले तर डगमगणेच थांबते आणि उरते ती दोऱ्याला बांधलेली एक काठी.

लाकडाचा खरा वैरी पाणी. काही काळापूर्वी सुटीच्या दिवशी तलावावर जाणाऱ्या एका गृहस्थाने माझ्या दुकानी एक महागडे लाकडी आमिष दुरुस्तीस आणले. पोट उभे फुटले होते. ‘माशाने फोडले,’ असे त्यांचे म्हणणे. मी भिंग लावून पाहिले, तर दाताची खूण कोठेच नव्हती. गळाच्या कडीपाशी रंगाला केसाएवढी चीर पडली होती. तेथून पाणी आत शिरले, लाकूड फुगले आणि वाळताना उकलले. ते गृहस्थ म्हणाले, ‘मिस्त्री, हे तुम्हांला कसे समजले?’ मी म्हटले, ‘साहेब, पावसाळ्यात दाराची फळी अशीच उकलते.’ सांगण्याचे तात्पर्य, भोकांची तोंडे आणि शिरांची टोके यांना प्रथम तृप्त करावे. उकळलेले अळशीचे तेल पातळ करून मुरवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. अथवा आजकाल मिळणारे दोन भागांचे एपॉक्सी पातळ करून द्यावे. मग काचकागद, पुन्हा लेप, पुन्हा काचकागद. घाई करणाऱ्याने या कामास हातच घालू नये.

रंगाविषयी लोक उगाच फार बोलतात. पाठ गडद, बगला चकचकीत आणि पोट पांढरट, हा निसर्गाचा नियम पाळला तरी पुरे. बेगड चिकटवून त्यावर कानशीचा ठसा उमटवला की खवले दिसतात; मच्छरदाणीचा तुकडा ताणून त्यावरून रंग फवारला तरी तेच साधते. डोळे काळजीपूर्वक करावेत. शेवटी सर्व अंगावर पारदर्शक लेपाचे तीन-चार हात द्यावेत.

आणि आता परीक्षा. खुर्ची वाकडी झाली तर पायाखाली पाचर घालून गिऱ्हाइकाची समजूत घालता येते. पाण्याची समजूत घालता येत नाही. हौदात अथवा विहिरीच्या काठाने आमिष ओढून पाहावे. ते सरळ, लयीत हेलकावत आले तर काम झाले. एका बाजूस पळाले तर नाकाची कडी विरुद्ध बाजूस किंचित, अगदी किंचित वाकवावी. तरीही पळत राहिले तर दोष कडीत नसून छेदात अथवा ओठात आहे, हे ओळखून तो नग बाद करावा. प्रत्येक नगाचे लाकूड, वजन, शिसे, ओठाचा कोन आणि पाण्यातील वागणूक यांची वहीत नोंद ठेवावी. आपल्या धंद्यात नोंद ठेवण्याची चाल नव्हती. म्हणूनच बापाचे ज्ञान मुलाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.

आता व्यवहाराची बाजू. मी कोणास श्रीमंतीची आशा दाखवीत नाही. यंत्रात घातलेले प्लॅस्टिकचे आमिष तासाला कितीतरी निघते आणि ते स्वस्तही असते. त्याच्याशी किमतीत स्पर्धा करू जाणारा सुतार दुकान गमावील. हाताने घडवलेल्या नगाचे गिऱ्हाईक निराळे. ते थोडे असते, पण जाणते असते. आपल्या तलावाला, आपल्या माशाला अनुरूप असा नग त्याला पाहिजे असतो आणि तुटल्यावर दुरुस्त करून देणारा कारागीरही पाहिजे असतो. म्हणून हे काम मुख्य धंद्याच्या जोडीला, पावसाळ्यात हाताला काम नसेल त्या दिवसांत करावे. त्यातून चार पैसे मिळतील. परंतु खरा लाभ असा की, ज्या मुलाने असे पन्नास नग घडवले, त्याला लाकूड म्हणजे काय हे पुन्हा कोणी शिकवावे लागणार नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानीत नाही. आपल्यात माळकरी पुष्कळ आहेत. आपली इंद्रायणी येथून खाली देहू-आळंदीस जाते. देहूच्या डोहातील मासे भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाचे म्हणून राखले. कोकणात महाडजवळ वाळणकोंडीतही तीच श्रद्धा आहे. मग माशाच्या घाताचे साधन आपण का घडवावे? ज्यांच्या गळ्यात माळ आहे त्यांनी हे काम करू नये. त्यांच्या भावनेपुढे मी नम्र आहे. परंतु जे करतील त्यांच्यावर एक जबाबदारी येते, आणि ती टाळता येणार नाही. गळ टाकणारा दुसरा असला तरी गळ कसा असावा, हे घडवणारा ठरवतो. तीन आकड्यांचे दोन-दोन गळ लावण्याऐवजी एकेक आकड्याचा गळ लावावा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे मासा फारशी जखम न होता सुटतो आणि पुन्हा पाण्यात सोडता येतो. जिताड्याची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तो आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि पुढे मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठा जिताडा धरून नेणारा मनुष्य बहुधा अंड्यांनी समृद्ध अशी मादीच नेत असतो. महाशीर पावसाळ्यात विणीस लागतो. त्या दिवसांत आपली आमिषे खुंटीला टांगलेली असावीत. आणि तलाव अथवा नदी ज्यांच्या अखत्यारीत असेल त्यांच्या परवानगीवाचून काठी उचलू नये.

मावळला या बाबतीत विशेष इतिहास आहे. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि त्याच्यासाठी लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरवटा इत्यादी तलाव बांधले गेले. या पाण्यातील महाशिराच्या विणीचा अभ्यास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी केला आणि वळवण येथे १९७० च्या दशकापासून टाटा वीज कंपनीच्या केंद्रात कृत्रिम रीतीने या माशांची पैदास होऊ लागली. जो मासा नद्यांतून कमी होत चालला होता, त्याची पिले येथून अनेक राज्यांत गेली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत धोक्यात असलेला म्हणून नोंदलेला हा मासा आता त्या वर्गातून बाहेर आला आहे. मावळच्या पाण्याला ही गोष्ट भूषणावह होय.

परंतु याच कथेला दुसरी बाजू आहे. लोणावळ्याची पिले कावेरीतही सोडली गेली. तेथे मदार असलेला निराळा, फार मोठा होणारा महाशीर होता. आपला मासा तेथे एवढा फैलावला की, कावेरीचा मूळ महाशीर मागे हटला. २०१८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्याच्या ऱ्हासाला धरणे आणि इतर कारणेही आहेत. तथापि चांगल्या हेतूने, चांगल्या हातांनी वाढवलेली वस्तू अस्थानी पडली तर काय होते, याचा हा धडा आहे. म्हणून अमेरिकेचा बास येथे आणून सोडावा, असे कोणी हौशी मनुष्य म्हणाला तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. त्यांची विद्या घ्यावी, त्यांचा मासा घेऊ नये.

आपल्या कार्यकारी मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, दिवाळीच्या सुटीत आपल्या समाजाच्या मुलांसाठी आठ दिवसांचा लाकूडकामाचा वर्ग भरवावा आणि त्यात प्रत्येकाने एक आमिष ठोकळ्यापासून हौदातील परीक्षेपर्यंत स्वतः पुरे करावे. मुलींनाही त्यात आवर्जून घ्यावे; अर्ध्या सुताचा फरक ओळखणारी बोटे काही मुलग्यांनाच दिलेली नाहीत. दुसरी, ज्या वृद्ध कारागिरांना लाकडांची पारख आहे त्यांच्याकडून ती माहिती ते हयात आहेत तोवर लिहून घ्यावी आणि पुढील स्मरणिकेत छापावी. तिसरी, जे आमिष घडवतील त्यांनी एकेरी गळाचा आणि विणीच्या काळात विक्री न करण्याचा नियम आपण होऊन स्वीकारावा. कायद्याने लादलेल्या नियमापेक्षा कारागिराने स्वतःस घालून घेतलेला नियम अधिक टिकतो, असा आपल्या गावांचा अनुभव आहे.

आपण विश्वकर्म्याला आपला मूळ पुरुष मानतो आणि त्याच्या उत्सवात हत्यारांची पूजा करतो. पूजा झाल्यावर ती हत्यारे वर्षभर पेटीतच राहिली तर त्या पूजेला अर्थ काय? वाकस, पटाशी आणि रंधा यांना गंध लावण्यापेक्षा धार लावणे ही अधिक मोठी पूजा होय. धार लावली तर काम पाहिजे. आणि काम मोठेच पाहिजे असे नाही. बोटभर लाकडाचा तुकडा पाण्यात पडून खऱ्या माशासारखा पोहू लागतो, तेव्हा तो घडवणाऱ्या मुलाच्या मनात स्वतःच्या हाताविषयी जो विश्वास उत्पन्न होतो, तो त्याला पुढे कारखान्यात, दुकानात अथवा परदेशात कोठेही गेला तरी उपयोगी पडेल.